शंकर नगरातला कुजका सिरस

आमच्या झाडं कापणाऱ्या दुखू भैयाने अचानक करवतीचं मशीन बंद केलं. सिरसाच्या बुंध्याशी वाकून मूठभर भुसा उचलला आणि माझ्यापुढे धरला. भुसा काळपट, ओलसर होता. चांगल्या लाकडाचा भुसा फिका आणि कोरडा पडतो.

"भितरी ले सर गे हे, साहब," तो म्हणाला. आतून कुजलंय.

वादळानंतरचा आमचा चौथा दिवस, आणि त्या दिवसातलं तिसरं झाड. मी उद्यान विभागात सुपरवायझर होतो. उभं राहून पाय सुजले होते. हा सिरस जोशी काकूंच्या घरावर झुकला होता. दोर बांधून तो रस्त्याकडे पाडायचा होता.

पडायच्या बाजूने आधी खाच कापतात. मग मागून कट देतात, पण आरपार नाही. मधे लाकडाची पट्टी सोडतात. दाराच्या बिजागरीसारखी ती झाडाला वळवते. तीच कुजकी असली, तर झाड आपल्या मनाने पडतं. इथे खाच अर्धी झाली होती.

मी ऑफिसात आमच्या साहेबांना फोन लावला.

"रस्ता एक वाजेपर्यंतच बंद आहे. काहून थांबले?"

"सर, क्रेन पाहिजे. वरून तुकडे करून उतरवू."

"इतक्या वर्षांचे तुम्ही, अन् घाबरून राहिले?"

"हव सर. घाबरून राहिलो."

साहेब म्हणाले, "पाहतो."

आता घर रिकामं करायचं होतं. काकू दारातच उभ्या राहिल्या. "आमचे हे तीन वर्षांपासून पलंगावर आहेत. त्यायले कुठं नेऊ?"

मी आणि दुखू भैयाने काकांना खुर्चीत बसवलं आणि शेजारच्या व्हरांड्यात नेलं. माझी कंबर तिथेच गेली. काका रस्त्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "चहा मिळन का?"

क्रेन चार वाजता आली. आधी फांद्या उतरवल्या. मग बुंध्याला क्रेनचा पट्टा बांधून दुखू भैयाने खालून कट घेतला. मधली लाकडाची पट्टी कडकन तुटली आणि बुंधा रस्ता सोडून घराकडे वळला. क्रेनने तो तोलून धरला. काकांच्या खोलीच्या खिडकीपासून हातभर अंतरावर तो डोलत थांबला. काकू नुसत्या खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी उशिराबद्दल लेखी खुलासा मागितला. मी दिला. काम थांबवलं की खुलासा द्यावाच लागतो. तो अर्ध्या पानात होतो.