पानसुपारीच्या ताटात ठेवलेला माझा कान

माझ्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत, त्यामुळे मला आता सगळं ऐकू येतं. फक्त माणसं सोडून. समोर एकटा माणूस असला की निभतं. पण चार जण एकदम बोलायला लागले की कूलरची घरघर, कपबश्या, गडचांदूरच्या रस्त्यावरचे सिमेंटचे ट्रक, सगळं कानात घुसतं आणि बोलणं तेवढं बाहेर राहतं!

त्यात घरी आमच्या सीमाच्या सोयरिकीची बैठक! सीमा कोरपन्याला नर्स आहे. तिनं माझ्यासाठी आगपेटीएवढा माईक आणला. तो मधोमध ठेवला की तिथलं बोलणं थेट माझ्या कानात, बाकी सगळं बंद.

"बाबा, पोरगा मले पसंत आहे. पण नोकरी सोडा म्हणतीन त तुमी नाई म्हणजा. बस!"

(पोरीचे डोळे भरले होते. माझेही.)

माईक मी मधोमध ठेवला, म्हणजे पानसुपारीच्या ताटात. काय सुरेख ऐकू येत होतं! मुलाच्या मोठेबाबांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, सुपारी कातरली तर खदानीत सुरुंग उडाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात सुपारी संपली आणि आमची सौ. ताट उचलून स्वयंपाकघरात गेली. सोबत माझे दोन्ही कान!

आता समोर मोठेबाबांचे नुसते ओठ हलत होते आणि कानात बायको पुटपुटत होती, "पोहे खारट झाले वो माय! जाऊ दे, पाहुणे हावरे दिसतात, खाऊन घेतीन."

मी खो-खो हसलो. मोठेबाबा नेमकं आपल्या बायपासच्या ऑपरेशनचं सांगून राहिले होते!

मग कानात मुलाच्या आईचा आवाज आला. त्या आत सीमाजवळ गेल्या होत्या. "सीमा, नोकरी नोको सोडू बेटा. मोठेबाबा म्हणतीन सोड, पण त्यायचं ऐकते कोण?"

मी आनंदानं उभाच राहिलो. "ठरलं! पोरगी नोकरी करन! मोठेबाबाचं ऐकते कोण!"

मुलगा मान खाली घालून हसत होता. मोठेबाबा माझ्याकडे पाहतच राहिले. विहीणबाई धावत दारात आल्या, पदर सावरला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "भाऊचं काई चुकलं नाई. मीच म्हटलं तसं!"

मोठेबाबा पोट धरून हसले. त्यांनी मला मिठी मारली आणि पाठ थोपटत बराच वेळ काहीतरी बोलले. माईक अजून पोह्यांच्या कढईजवळच होता. पण पोरीचं काम फत्ते झालं होतं! मी प्रेमानं प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणत गेलो.

पाहुणे गेल्यावर कळलं. मे महिन्यात, भर दुपारी बाराला, उघड्या मांडवात लग्न लावायला मी हसत हसत होकार दिला होता. चंद्रपुरात!