प्रज्ञाचं कापलेलं वाक्य

रविवारी दुपारी आमच्या नेरूळच्या हॉलमध्ये चौदा माणसं दाटीवाटीने बसली होती. माझी धाकटी बहीण प्रज्ञा टीव्हीवर दिसणार होती ना… एका कॉमेडी मालिकेत, एकाच एपिसोडपुरती. सोसायटीच्या ग्रुपवर तीन दिवस आधीपासून मीच दवंडी पिटली होती.

प्रज्ञा वाशीला एका लॅबमध्ये नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी हौशी नाटकं. अंगाने चांगली भरलेली आहे, पण स्टेजवर उभी राहिली की शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा मोबाईल खिशात ठेवतो. एपिसोड असा, की हीरो डेटिंग अ‍ॅपवरून तीन मुलींना भेटायला जातो. त्यातली दुसरी प्रज्ञा.

ती कॅफेत शिरली आणि मागून हत्तीचा आवाज! खरंच, हत्तीचा. ती बसली तर खुर्ची मोडल्याचा आवाज… आता तरी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जाईल म्हणून मी वाट बघतेय, तर तो गेला तिच्या प्लेटवर. हीरो मेनूकार्डामागे लपला, वॉशरूमच्या बहाण्याने उठला आणि पळाला. संपलं तिचं काम.

मालिकेतलं ते रेकॉर्ड केलेलं हसू खो-खो वाजलं. आणि आमच्या हॉलमध्येही हसले सगळे. खोटं कशाला बोलू… त्या हत्तीच्या आवाजाला सगळ्यात आधी फिस्सकन मीच हसले. सख्खी बहीण! मग लक्षात आलं की प्रज्ञा टीव्हीकडे बघतच नव्हती. ती आमच्याकडे बघत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःवर आणि त्या लिहिणाऱ्यांवरही. अरे, त्या हीरोचं पोट शर्टाच्या बटणांमधून बाहेर डोकावत होतं, त्याच्यासाठी नाही का एखादा प्राणी सापडला? तो चालतो, कारण तो निवडायला बसलाय. जनाची नाही तर मनाची तरी…

मी तोंडाचा पट्टा सोडला तशी मंडळी वेफर्सच्या बशीत डोकं घालून बसली. कुणीतरी म्हणालं, कॉमेडी आहे हो, इतकं मनावर नाही घ्यायचं. दरवेळी हेच. ज्याला लोक हसतात, त्यानेच वर मोठं मनही दाखवायचं.

मग प्रज्ञा हळूच म्हणाली, "ताई, तो पळतो ना, तेव्हा माझं एक वाक्य होतं गं. सेटवर सगळे हसले होते त्याला. तेच कापलं." एवढंच बोलली. विषय बदलावा म्हणून मी चहा टाकायला उठलेसुद्धा.

तेवढ्यात आमच्या घरमालकीण पाटीलकाकूंनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. काकू मूळच्या इथल्याच शिरवणे गावच्या, एरवी चार माणसांत तोंड उघडत नाहीत. म्हणाल्या, "त्यानी कापला, आमी नाय कापला. बोल गो पोरी, आमी हाव ना हितं."

प्रज्ञा आधी नाही-नाही म्हणाली. मग उठली, बंद टीव्हीपुढे उभी राहिली, ओढणी सारखी केली. हीरो आमच्याच दारातून निसटतोय अशी तिकडे बघत, अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, सावकाश जा. माझा फोटो खराच होता… केस तुमच्याच फोटोत जास्त होते."

आणि असा हशा फुटला की समोरच्या फ्लॅटवाल्यांनी दार उघडून बघितलं. माझा नवरा तर स्वतःच्या टकलावरून हात फिरवत हसत होता.

प्रज्ञा खाली बसली. म्हणाली, "बघा. हसायचं होतं ते इथे."

पाटीलकाकू, मी चहा टाकायलाच निघाले होते हो… तुम्ही नसतात, तर तिचं ते वाक्य आमच्या घरातही कापलं गेलं असतं.