लाल रेघेच्या डावीकडे

या सदरातले अनुभव मी आजवर एकाच कारणासाठी वाचत आलो — खाली कमेंटमध्ये जाऊन टिंगल करायला. ‘पलंगावर कोणीतरी येऊन बसलं’ असं कोणी लिहिलं की ‘भाडं मागितलंत का?’ विचारणारा आगाऊ माणूस मीच. भुतंखेतं, संकेत, सहावं इंद्रिय... काही मानत नाही. आजही नाही. त्यामुळे आता माझी कोणी खेचली तर तक्रार नाही. पण हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय, आणि त्यातलं निम्मं तर मी माझ्याच हातांनी टाईप केलंय.

मी मुलुंडला राहतो, ऑफिस अंधेरीला मरोळमध्ये. जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर छोटासा गाळा, आम्ही मोजून सहा जण. आमच्याकडे डिझायनर स्क्रीनचं चित्र काढून देते आणि मी त्या चित्राचा चालता प्रोग्रॅम करतो. चित्रातलं बटण नुसतं दिसतं. माझं दाबलं की मशीन हलतं. मोबाइलवरची ॲप्स नाहीत बरं का — टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालणारं काम, ज्याच्या मागून केबल निघून मशीनला जाते. ग्लॅमर शून्य. पण चित्रात आणि माझ्या स्क्रीनमध्ये केसाएवढा फरक सापडणार नाही, एवढा माज मला आहे.

चित्रं काढते ब्लांश. मरोळ गावातलीच, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतली मूळची मराठी ख्रिस्ती. काम घरूनच करते, मीटिंग असली की डबाभर फुगे, त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, घेऊन उगवते आणि मग त्या दिवशी कोणी जेवायला बाहेर जात नाही. माझ्याशी तिचं रोज वाजतं.

आमच्याच इस्टेटमध्ये तळमजल्यावर छपाईची शाई बनवणारं युनिट आहे. तिथे एक मशीन वेगवेगळे रंग ठरल्या मापात डब्यात सोडतं. त्याचा जुना प्रोग्रॅम शेवटच्या घटका मोजत होता, नवा आम्ही करायचा होता. मशीनवर साळवेकाका. चेंबूरहून यायचे, निम्मं आयुष्य त्याच खुर्चीत गेलेलं. माहिती घ्यायला गेलो तेव्हा माणूस एकदम ठणठणीत. “जय भीम साहेब, बसा,” म्हणून मला चहा पाजला आणि वर माझ्या शर्टाच्या निळ्या रंगात नेमकं काय काय आहे तेही सांगितलं. ब्लांश त्यांना कधी भेटली नव्हती. मी तिला फक्त जुन्या स्क्रीनचे फोटो आणि लागणाऱ्या बटणांची माहिती पाठवली होती.

तिचं डिझाइन आलं आणि मी फोनच लावला.

“ब्लांश, फाइल अर्धवट आलीये बहुतेक.”

“पूर्ण आहे. नीट बघ.”

“अगं, डावीकडे काहीच नाहीये!”

“हो. तिथे काही ठेवायचं नाही.”

“आणि ही लाल रेघ? वहीचा समास आखलायस का?”

“हसू नको रे. जाड ठेव ती, वरपासून खालपर्यंत. सगळं तिच्या उजवीकडे.”

आता कुठलंही सॉफ्टवेअर उघडून बघा, मेनू बहुतेक डावीकडेच असतो. आणि या बाईने स्क्रीनचा डावा भाग मोकळा सोडलेला... नुसता करडा, मग एक जाड लाल रेघ, आणि तिथून पुढे रंग, मापं, ‘सुरू’ आणि ‘बंद’. मी म्हटलं, शाईच्या युनिटच्या शेठला वाटेल स्क्रीन अर्धी लोडच झाली नाही.

“मी बटणं डावीकडे नेऊन बघितली ना,” ती म्हणाली, “पोटात कसंतरी होतं. हातच जात नाही तिकडे.”

“ॲसिडिटी असेल.”

“असेल. पण तू हलवू नको. प्लीज मंदार.”

ब्लांश प्लीज म्हणत नाही. आणि आमच्या ऑफिसात चित्राबाबत शेवटचा शब्द तिचा असतो. मी केलं. स्क्रीनवरची प्रोग्रॅमची खिडकी ओढून मोठी केली की मधल्या गोष्टी आपोआप पसरून मोकळी जागा भरतात, ते होऊ नये म्हणून वेगळा कोड लिहावा लागला. शिव्या घालत लिहिला. रिकामी जागा राखायला एवढी मेहनत मी आयुष्यात केली नव्हती.

प्रोग्रॅम तयार झाला, पण मशीनला जोडायचं कार्ड बाहेरून यायचं होतं. ते लटकलं, काही महिने सगळं तसंच पडून. मधल्या काळात साळवेकाकांना अर्धांगाचा झटका आला. हे मला कळलं ते थेट नवा प्रोग्रॅम बसवायला गेलो त्या दिवशी.

काका कामावर परत आले होते. त्यांची मुलगी सुजाता सोबत. चेहरा उतरलेला, डावा हात जरा जड, पण बोलणं स्वच्छ. खरी भानगड वेगळीच होती. सुजाताने मला बाजूला घेऊन सांगितलं — पप्पांचे डोळे चांगले आहेत, पण मेंदूला डावी बाजू लक्षातच येत नाही.

“ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहते,” ती म्हणाली, “आणि रोज भांडतात, चटणी का नाही वाढली म्हणून.”

ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले.

मी पोचायच्या जरा आधी काकांनी जुन्या प्रोग्रॅमवर मशीन चालवलं होतं. त्यात ‘बंद’चं बटण खाली डाव्या कोपऱ्यात. काका उजवीकडेच शोधत राहिले आणि जांभळी शाई डब्यावरून वाहून फरशीभर झाली. ती पुसणं चाललंच होतं. शेठ वाईट माणूस नाही, पण म्हणाला, “काका, खूप केलंत. आता घरी आराम करा. मंदारभाई, नवीन लावा, मी दुसरा ऑपरेटर बघतो.”

काका टेबलाची कड धरून उभे राहिले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, खरं सांगतो.

प्रोग्रॅम बसवला. चालू केला. शेवटी काका म्हणाले, “शेठ, एकदा बसू द्या. नाही जमलं तर मीच येणार नाही.”

बसले. सुजाता मागे उभी होती. स्क्रीन बघून तिने माझं मनगटच पकडलं.

“ही रेघ... तुम्हाला कोणी सांगितली?”

तिने पिशवीतून त्या दिवशीचं वर्तमानपत्र काढलं. प्रत्येक रकान्याच्या डाव्या कडेला स्केचपेनने जाड लाल रेघ मारलेली होती. हॉस्पिटलातल्या थेरपिस्टने शिकवलेलं — आधी लाल रेघ शोधायची, मग तिथून उजवीकडे वाचत जायचं. ती रोज सकाळी पेपरवर रेघा मारून द्यायची.

मी बघतच राहिलो. काकांनी उजवा हात उचलला, टचस्क्रीनवर बोट सरकवत डावीकडे नेलं... रेघ सापडली. बोट तिथे टेकलं. मग रंग, मापं, ‘सुरू’. मशीन घुरघुरलं. डबा भरत आला तसं बोट पुन्हा रेघेवर, तिथून ‘बंद’. थांबलं. एक थेंब बाहेर नाही.

काकांनी काडीने शाई कागदावर ओढली, उजेडात धरली. “बरोबर आहे,” म्हणाले. आणि मग त्यांना रडू फुटलं. शेठ दुसऱ्या ऑपरेटरबद्दल परत बोलला नाही.

मी ब्लांशला फोन केला. ती मरोळ गावातून चालत आली, घरातल्याच कपड्यांत. काकांनी तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, “पोरी, तुला कसं कळलं गं?”

“नाही माहीत काका,” ती म्हणाली. “शपथ, नाही माहीत.”

मी नंतर तिची पार उलटतपासणी घेतली. घरात कोणाला असला आजार? नाही. कुठे वाचलं, पाहिलं? नाही. आणि समजा वाचलंही असतं, तरी काय? ते डिझाइन आलं तेव्हा काका जिने चढत होते, ताटातली चटणी चाटूनपुसून खात होते. त्यांच्या झटक्याच्या आधी मी त्याचा कोड लिहून मोकळा झालो होतो! योगायोग म्हणा. मीही कमेंटमध्ये तेच लिहिलं असतं. पण योगायोगाने जागा रिकामी राहील एकवेळ... रेघही लाल? आणि नेमकी तिथेच?

मला एवढंच माहीत आहे की मी म्हणजे हातात आलेल्या चित्राबरहुकूम काम करणारा माणूस, आणि ते चित्र जिने काढलं तिच्यासारखी डिझायनर मी पाहिलेली नाही. तिच्या तोंडावर मात्र हे मी अजून बोललेलो नाही, नाहीतर डोक्यावर बसेल.

काका अजून त्याच खुर्चीत आहेत. मागच्या आठवड्यात शेठ वर आला होता. म्हणाला, “मंदारभाई, ती डावीकडची जागा फुकट जाते, तिथे आपला लोगो टाका ना.”

मी म्हटलं, “शेठ, दुसरं काहीही सांगा. त्या जागेला मी हात लावणार नाही.”