जावईबापू म्हनतीन तिथं

मराठी माणसाला समुद्रावर न्यायचं असेल तर न्या, पण कुठल्या समुद्रावर ते विचारू नका. विचारलं की तो म्हणतो, "मला काहीही चालेल." आणि हे "काहीही चालेल" जो म्हणतो ना, त्याला जगात काहीही चालत नाही.

माझी माहिती थोडक्यात. सातवी नापास. पुण्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कँटीनला मी पोहे करायचो. तिथली एक यवतमाळकडची मुलगी रोज ते पोहे खायची, आणि शेवटी माझ्याशी लग्न करून बसली. पोह्यांत मी काय घातलं होतं ते तिच्या घरचे अजून शोधतायत. आता ती न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करते आणि मी एका देसी दुकानाच्या मागच्या खोलीत पोळ्या लाटतो. ती काय करते ते मला कळत नाही, मी काय करतो ते सगळ्या गावाला कळतं.

सासूबाईंना हा जावई पचायला बरीच वर्षं लागली. पण एकदा जावई म्हणलं की जावई. दगड असला तरी शेंदूर लावायचाच. दोन हजार सात साली त्या आमच्याकडं राहायला आल्या आणि नेमका अधिक महिना आला. अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण. मला पाटावर बसवलं, ओवाळलं, तेहतीस अनारसे दिले. मी बसलो आपला, सातवी नापास नारायण.

बाईंची स्वतःची इच्छा एकच होती. अधिकात समुद्रात अंघोळ करायची. जन्मात समुद्र बघितला नव्हता. अमेरिकेला येताना विमानातून दिसेल म्हणलं, तर त्यांना मधली सीट. आणि आठ दिवसांनी त्या परत जाणार होत्या.

न्यू जर्सीचा समुद्र मे महिन्यात म्हणजे फ्रीजमधलं पाणी. मेव्हणाही सहकुटुंब इकडंच असतो, पण त्याच्या व्हिसाचा शिक्का संपलेला, त्यामुळे देशाबाहेर जायची सोय नाही. पोर्टो रिको म्हणजे अमेरिकाच, पासपोर्ट लागत नाही आणि पाणी कोमट. लाँग वीकेंड धरून निघालो सहा जण. मी, बायको, सासूबाई, मेव्हणा, वहिनी आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी.

उतरलो सान हुआनच्या जुन्या गावात. निळे दगड बसवलेले रस्ते, पिवळी-गुलाबी घरं, फार सुंदर. पण मेव्हणा पुण्यात शिकलेला. किल्ला दिसला की त्याच्या अंगात येतं. अख्खा पहिला दिवस त्यानं आम्हाला दोन किल्ले दाखवले. तटावरून समुद्र दिसला, पार खाली. सासूबाईंनी वरूनच हात जोडले. म्हणजे गर्दीच्या दिवशी लांबून कळसाचं दर्शन.

उरला एकच दिवस. परवा सकाळी विमान.

संध्याकाळी मेव्हण्यानं इंटरनेटवरून छापून आणलेले कागद पलंगावर पसरले. बीच तीन. एक गावाला लागूनच, मोठ्या हॉटेलांसमोर. दुसरा पूर्वेला तासाभरावर, नारळाची झाडं आणि तळलेल्या पदार्थांच्या टपऱ्या. तिसरा आणखी पुढं जाऊन बोटीनं बेटावर, पाणी म्हणे काचेसारखं.

"मला काहीही चालेल," मेव्हणा म्हणाला.

"मला पण," वहिनी.

"आईला आवडेल ते," बायको.

सगळ्यांनी आईकडं बघितलं. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "मले काय इचारता? जावईबापू म्हनतीन तिथं."

आता बघा. लग्न कुठल्या कार्यालयात करायचं, मला कुणी विचारलं नाही. कार कुठली घ्यायची, विचारलं नाही. घरात पडद्याचा रंगसुद्धा मला लावल्यावर कळतो. आणि आयुष्यात पहिल्यांदा अधिकार मिळाला तो कशाचा, तर अटलांटिक महासागराचा!

मग सुरू झाली वशिलेबाजी. मी बर्फ आणायला खाली गेलो तर मेव्हणा मागनं आला. "भाऊजी, जवळचाच सांगा यार. ती एवढी मोठी भाड्याची व्हॅन ड्राइव्ह करून माझी कंबर गेली. पण माझं नाव घेऊ नका." वर आलो तर वहिनी दारात. "भाऊजी, एवढं लांब आलोय तर बेटच बघू या ना. मी म्हणलं असं नका सांगू हं." खोलीत गेलो तर बायको. आईसमोर ती मला "अहो" म्हणते, आईच्या मागं "ए येड्या".

"ए येड्या, तासाभरावरचा सांग. तिथं सावली आहे, बाथरूम आहे, आईला सोयीचं."

"मग तूच सांग की."

"मी सांगितलं तर दादाला वाटेल मी माझंच चालवते."

शेवटी मी सरळ सासूबाईंकडं गेलो. "आई, तुम्हाला लाटा पाहिजेत का शांत पाणी?"

"पानी हाय नं? झालं मंग."

"पण माणसं असतात तिथं. कपडे जरा कमी घालतात..."

"मी त्यायच्याकडं कायले पाहू? तुमी म्हनसान तिथं."

रात्रभर मी विचार केला. मी विचार केला की नुकसान होतं, हा आजवरचा अनुभव आहे, पण केला. म्हणलं, बाईंना पुण्य पाहिजे. आणि पुण्य कुठं असतं? लांब. गल्लीच्या टोकाला तीर्थ असतं का कधी? पायाला फोड आले, रांगेत उभं राहिलो, धक्काबुक्की झाली, की मग देव पावतो. जितका त्रास जास्त तितकं पुण्य जास्त, हे आपल्याकडं कुणालाही विचारा.

सकाळी जाहीर केलं, "बेट."

वहिनीचा चेहरा फुलला. बाकीचे "छान, छान" म्हणाले, मयताला आल्यासारखे.

निघताना सासूबाईंना चहा विचारला. "नको. मले भूक नाही."

धक्क्यावर पोचलो तर मुंग्यांसारखी माणसं. मेव्हणा व्हॅन लावायला गेला. मी म्हणलं, निर्णय माझा, तर तिकिटंही मीच काढणार. तिथं सगळा कारभार स्पॅनिशमध्ये. त्याचा मला आनंदच झाला, कारण मेव्हणा आणि मी पहिल्यांदाच एका वर्गात बसलो होतो. एक रांग लांबलचक, दुसरी छोटी. एवढे शिकलेले लोक लांब रांगेत उभे आणि छोटी कुणाला दिसत नाही! मी सगळ्यांना हाक मारली, "या या, इकडं या!"

उभे राहिलो. माझ्या पुढच्या माणसाच्या डोक्यावर गादी होती. मला वाटलं, मुक्कामाला चालला असेल. त्याच्या पुढं एकजण फ्रीज घेऊन. वाटलं, हौशी आहे. मागं एक बाई कोंबड्यांचा पिंजरा घेऊन आली तेव्हा भाची म्हणाली, "काका, आय थिंक धिस इज फॉर स्टफ."

"म्हणजे?"

"नॉट पीपल. स्टफ!"

सामानाच्या बोटीची रांग होती. माणसांच्या रांगेकडं पळालो तोवर खिडकीतल्या बाईनं फळी खाली ओढली. बोट भरली. पुढची दुपारनंतर, आणि तिथनं परत येण्याचा भरवसा नाही.

वाट बघताना मी तिथल्या गाडीवरची तीन तळलेली केळ्याची भजी खाल्ली होती. वर सासूबाईंच्या डब्यातला एक अनारसाही. सासूबाईंना विचारलं तर परत तेच, "मले भूक नाही."

परत व्हॅनमध्ये बसलो. शेवटी मेव्हणा आरशातून बघत म्हणाला, "बोला भाऊजी, आता कुठं?"

"अजून मीच?"

"अधिक महिना संपेपर्यंत तुम्हीच."

मी म्हणलं, टपऱ्यांवाला. गेलो. लाँग वीकेंड, अख्खं पोर्टो रिको तिथं आलेलं. दारावरच्या माणसानं लांबूनच हातानं "जा, जा" केलं. पार्किंग फुल. दोन चकरा मारल्या. दुसऱ्या चकरेला तो माझ्याकडं बघून हसला, ओळख झाली होती.

ऊन कलायला लागलं. मी हॉटेलांसमोरच्या बीचचं नाव घेणार, तेवढ्यात भाची म्हणाली, "आजी, यू डिडन्ट ईट एनिथिंग ऑल डे."

"आंघोळ झाल्याबिगर कशी खाऊ?" सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. हॉटेलात अंघोळही केली नव्हती. समुद्रासाठी राखून ठेवली होती. बायको वळून माझ्याकडं बघायला लागली. माझ्या मिशीला अनारशाची खसखस होती, हे मला नंतर कळलं.

"आई, सांगायचं नाही का?" मेव्हणा.

"जावईबापूंनी ठरवलेलं, त्यात म्या कायले बोलू?" असं म्हणल्या, आणि पुढच्याच वळणावर रस्त्याकडेला समुद्र दिसला तशा ओरडल्या, "थांबव बे गाडी!"

तो बीच नव्हताच. कागदावर त्याचं नाव नाही. काळे खडक, शेवाळ, किनाऱ्याला वाहून आलेला कचरा आणि गळ टाकून बसलेला एक म्हातारा. सासूबाई चपला काढून सरळ त्याच्याकडं गेल्या आणि म्हणाल्या, "खोल हाय का जी?" त्यानं स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगून गुडघ्याला हात लावला. बाईंनी मान हलवली आणि लुगड्यासकट आत गेल्या.

मग मागं वळून म्हणाल्या, "या जावईबापू." हात धरायला कुणीतरी पाहिजे होतं.

मला पोहता येत नाही. पण नारायण नाही कसं म्हणणार? तो तर समुद्रातच राहतो. गुडघाभर पाण्यात गेलो, त्यांचा हात धरला. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं.

"खरंच खारं हाय वो," त्या म्हणाल्या. "मले वाटे उगाच सांगतेत."

तेवढ्यात लाट आली. सासूबाई पाय रोवून उभ्या. मी आडवा. नाकातोंडात पाणी, पँट कमरेवरनं सुटलेली, वर आकाश का खाली ते कळेना. आणि माझी कॉलर कुणीतरी पकडली.

"अबे, उठ नं! उभा राय! गुडघाभर पान्यात मरतं का?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मी पँट धरून उभा राहिलो. त्यांनी माझी कॉलर सोडली नाही. एका हातानं मला धरून त्यांनी दुसऱ्या हातानं नाक दाबलं आणि तीन बुड्या मारल्या. प्रत्येक बुडीला मीही अर्धा खाली जात होतो. काठावर बायको पोट धरून खाली बसली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी पदर पिळला, खडकावर बसल्या आणि डबा मागितला. एकामागं एक चार अनारसे खाल्ले. म्हाताऱ्यालाही दिला. त्यानं तो उजेडात धरून उलटा-सुलटा बघितला आणि खाल्ला.

"आता जेवायला कुठं जायचं?" मेव्हण्यानं विचारलं, आणि सवयीनं सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

"त्याले इचारू नका," सासूबाई म्हणाल्या.

मला खरं म्हणजे पुन्हा ती केळ्याची भजी पाहिजे होती. ती भज्यांची गाडी कुठं उभी होती तेही पाठ होतं. पण पँट दोन्ही हातांनी धरलेली असताना माणूस काय बोलणार?

"मला काहीही चालेल," मी म्हणलं.