दोन भाते

अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या तिरंदाजीच्या मैदानावरची ती तिशीतली मुलगी मला अजून अस्वस्थ करते. धनुष्याला जोडलेला, बाण ठेवायचा क्विव्हर ती काढायची, एक बाण मारायची, पुन्हा जोडायची, पुन्हा काढायची. शेवटी न राहवून मी पुटपुटलो, "अगं बाई, एकदाचं काय ते ठरव!"

ती चमकली. "काका, तुम्ही मराठी?" मग सांगत सुटली, "लावून ठेवला की बाण खडखडतात. लास्ट फॉलला, शिकारीच्या सीझनमध्ये, त्या आवाजानं हरीण दचकलं, बाण पोटात लागला. तसंच पळालं, मला सापडलंच नाही. आणि काढून ठेवला, तर दुसरा बाण हाताशी नसतो."

"क्विव्हरला मराठीत भाता म्हणतात," मी उगाच म्हणालो.

"भाता? आजोबांना दम लागला की आई म्हणायची, छातीचा भाता झालाय."

"तोही भाताच."

तिनं क्विव्हर काढून गवतावर ठेवला आणि दोरी ताणली. बाणाचं टोक थरथरतच राहिलं. छाती जोरजोरात वरखाली होत होती. बाण न सोडताच तिनं धनुष्य खाली घेतलं.

"एक काढला, काका. दुसरा कुठे ठेवू?"