विरामात हरवणारे दोन तुकडे

अशा गोष्टींवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. जन्म काशीतला, पन्नाशी उलटली, पण भूत म्हणून काही भेटलं नाही. भेटलं असतं तर आमच्या हिने त्याला आधी भाजी आणायला पिटाळलं असतं. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय...

आम्ही इथेच, दूधविनायक मोहल्ल्यात राहतो. वडील, म्हणजे अण्णा, वेदपाठी, वय ब्याऐंशी. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगेनात. त्याआधी अण्णांना सगळी संहिता रेकॉर्ड करून ठेवायची होती. रोज दुपारी तीनला ते माइकसमोर बसायचे.

त्या माइकचं कर्नल मॉड्यूल—सिस्टिमच्या गाभ्यात बसणारा छोटा प्रोग्राम—माझ्या धाकट्या भावाने, सुहासने लिहिलेलं. लहानपणी अण्णांकडची वेदाची संथा अर्धी टाकून तो पळाला होता. अण्णा त्याच्याशी पुढे कधी नीट बोललेच नाहीत. तरी माइक त्यानेच बसवून दिला, आणि दोन महिन्यांत, रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधीच गेला. हार्ट अटॅक.

रेकॉर्डिंग सुरू केलं की अर्ध्या तासात मशीन—माइक जोडलेला कॉम्प्युटर—बसायचं.

“माझ्यापेक्षा म्हातारी आहे काय रे तुझी मशीन?” अण्णा म्हणायचे.

प्रोग्राममधल्या अशा चुका शोधणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. प्रोग्रामने घेतलेली मेमरी काम झाल्यावर परत केली नाही की तो मेमरी लीक. सुहासच्या कोडमध्ये एक चूक सापडली, दुरुस्त केली, आणि स्वतःवर खूश होऊन दोन कचोऱ्या जास्त खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा बसलं.

मग परत न आलेल्या मेमरीच्या प्रत्येक तुकड्याची वेळ काढली. अण्णांना शिकवायची सवय—एक ओळ म्हणायची आणि शिष्याने ती दोनदा म्हणेपर्यंत थांबायचं. रिकाम्या खोलीतही ते तसेच थांबत. मेमरी नेमकी तेव्हाच जात होती. प्रत्येक विरामात दोन तुकडे! उघडून पाहिले, आत नुसती शांतता. अण्णा नसताना मशीन दिवसभर चालवलं. एकही तुकडा गेला नाही.

“अण्णा, न थांबता म्हटलंत तर लवकर संपेल.”

“आणि समोरच्याने म्हणायचं कधी?”

“समोर कोण आहे?”

“चल हट. तू आपली मशीन बघ.”

मी दुरुस्तीचा नाद सोडला. दर वीस मिनिटांनी मशीन रीस्टार्ट करत राहिलो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेवटची ओळ झाली. अण्णा थांबले. स्क्रीनवर गेलेल्या तुकड्यांचा आकडा दोनने वाढला. मग माइककडे बघत ते हळूच म्हणाले, “हं... येतं रे तुला.”

त्या तुकड्यांबद्दल मी त्यांना एका शब्दानेही बोललो नव्हतो.

आवाज राहिला नाही. आता अण्णा पाटीवर लिहून बोलतात. मशीन तेच, कोड तेच, पण लीक पुन्हा झालेला नाही. कारण मला आजवर सापडलेलं नाही. कधीकधी दुपारी दार लावून मीच माइकसमोर एक ओळ म्हणतो—उच्चार भयंकर—आणि कुणी ती दोनदा म्हणेल इतका वेळ थांबतो.

स्क्रीनवरचा आकडा हलत नाही.