इस्त्रीच्या दुकानातला छोटा टॅब

शर्टाची कॉलर आणि स्वतःची जीभ, दोन्ही कडक, म्हणून इस्त्रीवाल्या बाईंना सगळे कडकमावशी म्हणत. नवरा गेल्यापासून दुकानात दिवसभर त्या आणि वाफेचा फुसफुसाट. सोबतीला जुने सिनेमे बघावेत, म्हणून त्यांनी टॅब घ्यायचं ठरवलं.

"मोठा घे, मावशी. डोळ्यांना बरा," भाची म्हणाली.

"मला काय भिंतीवर टांगायचाय? एप्रनच्या खिशात मावला पाहिजे."

मोबाइलच्या दुकानात दुकानदाराने काढलेला प्रत्येक टॅब मावशींनी खिशात घालून, वाकून बघितला. नवे लहान टॅब महाग, आणि स्वस्तातल्यांवर सिनेमा सारखा अडके. शेवटी एक वापरलेला पसंत पडला. चित्र स्वच्छ, इंटरनेट झटपट, आवाज खणखणीत.

"आधीचं सगळं पुसलंय," दुकानदार म्हणाला.

संध्याकाळी मावशी टॅब इस्त्रीच्या दुकानातच ठेवून कुलूप घालत. एका सकाळी अर्धवट सोडलेला सिनेमा शेवटपर्यंत बघून झालेला दिसला. आवाजही अगदी बारीक केलेला, कुणी कानाशी धरून ऐकावं तसा. आपणच विसरलो असू, असं त्यांना वाटलं. पण मग रोजच तसं होऊ लागलं. किल्ली एकच, ती त्यांच्या कमरेला. एकदा त्यांनी मुद्दाम टॅब पूर्ण बंद करून ठेवला. सकाळी काच कोमट लागली.

अंगावर सर्रकन काटा आला. त्या तडक दुकानदाराकडे गेल्या.

"हा आधी कुणाचा होता?"

"एका आजारी बाईंचा. अंथरुणाला खिळलेल्या. हाच छातीवर ठेवून बघत पडायच्या. त्या गेल्यावर लेकानं आणून दिला." तो चपापला. "का हो, बिघडला का? बदलून देतो ना."

मावशींनी टॅब पुढे केला, पण बोटं सुटेनात. बाई गेल्या तेव्हा एखादा सिनेमा अर्धाच राहिला असेल.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर सकाळी सिनेमा जिथे सोडला तिथेच थांबलेला असायचा, कुणी वाट बघत असल्यासारखा. काम आटोपलं की मावशी बाकावर बसून तो सुरू करत. भीती गेली नव्हती, अंगवळणी पडली होती.

एकदा भाची डबा घेऊन आली. अख्खा बाक मोकळा, आणि मावशी एका टोकाला अंग चोरून.

"अगं, अशी काय बसलीस? ऐसपैस बस की."

"बरी आहे मी," मावशी हळूच म्हणाल्या. "तू त्या स्टुलावर बस. आणि बोलू नकोस, शेवट आलाय."